जुन्या लष्करी विमानाचं नाव अचूक कसं लिहावं: फोटोपासून ओळीपर्यंत

"१९७१ च्या युद्धात अजीत विमानांनी सेबर पाडली." "फ्लाइंग टायगर्सनी ब्रह्मदेशात झिरो विमानांचा फडशा पाडला." "जर्मनीचं मी-१०९." लेखांत, दिवाळी अंकांत, प्रदर्शनातल्या फोटोंखाली ही वाक्यं मी वर्षानुवर्षं वाचतो आहे. तिन्ही चुकीची आहेत आणि तिन्हींची चूक वेगळी आहे. पहिल्यात काळ चुकला, दुसऱ्यात शत्रूचं कुठलं दल समोर होतं हे पाहिलं नाही, तिसऱ्यात देवनागरीनेच घोटाळा केला.

असं होतं, कारण लिहिणारा आधी नाव शोधतो आणि मग ते विमानाला चिकटवतो. क्रम उलटा हवा. विमान कारखान्यात जन्मलं त्या दिवशीचं नाव, दुसऱ्या देशाने विकत घेतल्यावरचं नाव, शत्रूने ठेवलेलं नाव आणि वैमानिकाच्या तोंडचं नाव ही बहुतेक वेळा चार वेगवेगळी नावं असतात. आपण यांतलं कुठलं लिहितो आहोत हे आधी ठरवलं, तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

आधीची तयारी

एक साधं कार्ड घ्या किंवा वहीचं पान. त्यावर पाच गोष्टींसाठी जागा सोडा: फोटोची किंवा घटनेची तारीख, जागा, विमान वापरणारं दल, ते बांधणारा कारखाना आणि शेपटीवरचा किंवा धडावरचा क्रमांक. नावाची जागा सगळ्यात शेवटी, आणि पेन्सिलने.

मूळ कागदात जे जसं छापलं आहे ते कार्डावर तसंच, मूळ लिपीत उतरवून घ्या. ठिपका असेल तर ठिपका, आडवी रेघ असेल तर रेघ, मधे मोकळी जागा असेल तर तीही. पुढे दिसेल की याच बारीकसारीक खुणा अर्थ सांगतात.

पुराव्यांची उतरंडही ठरवून ठेवा. विमानावर ठोकलेली कारखान्याची धातूची पट्टी, त्या विमानाचं नोंदकार्ड आणि त्या काळची वैमानिकांची अधिकृत पुस्तिका या तीन गोष्टी वरच्या. वैमानिकाची लॉगबुक त्यांच्या खाली. ती खोटी नसते, पण तिच्यात माणूस घाईने "स्पिट" असं लिहून मोकळा होतो. ती बोलीचा पुरावा आहे, अधिकृत नावाचा नव्हे. चाळीस वर्षांनंतरच्या आठवणी सगळ्यात शेवटी.

पायरी १: तारीख आणि मालक पक्के करा

हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव विमानापेक्षा मालकाला आणि काळाला जास्त बांधलेलं असतं.

अजीतचं उदाहरण घ्या. १९७१ च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्याच्या आकाशात लढली ती नॅट ही छोटी लढाऊ विमानं. अजीत हे नॅटचं भारतीय नाव नाही. ती हिंदुस्थान एरोनॉटिक्सने नॅटवरून पुढे विकसित केलेली सुधारित आवृत्ती आहे. पंखातच इंधनाच्या टाक्या असलेलं हे विमान प्रथम उडालं १९७५ साली. म्हणजे १९७१ च्या वाक्यात अजीत येऊच शकत नाही.

त्याच लढाईतली समोरची सेबरही तपासण्यासारखी आहेत. १९६५ साली पाकिस्तान अमेरिकेत बनलेली एफ-८६एफ उडवत होता. त्यानंतर त्याच्याकडे कॅनडात कॅनडेअर कंपनीने बांधलेली सेबर मार्क ६ आली आणि पाकिस्तानी हवाई दल त्यांना एफ-८६ई म्हणू लागलं. ढाक्याच्या स्क्वॉड्रनकडे हीच होती. तरी आपल्याकडे १९७१ च्या मजकुरातही डोळे मिटून "एफ-८६एफ" लिहिलं जातं.

फ्रान्सचं दासॉ ऊरागाँ आपल्याकडे १९५३ साली आलं आणि इथे त्याचं नाव झालं तुफानी. भारतीय हवाई दलाच्या संदर्भात तुफानी हेच बरोबर, आणि फ्रेंच दलाबद्दल लिहिताना ऊरागाँ. इथे एक खड्डा आहे. ऊरागाँ या फ्रेंच शब्दाचा अर्थ चक्रीवादळ, म्हणून कुणी भाषांतराच्या उत्साहात "हरिकेन" लिहिलं, तर ते थेट ब्रिटिश हॉकर हरिकेनवर जाऊन पडतं. हे विमान वेगळं, देश वेगळा आणि दशकही वेगळं.

ब्रिटिश विमानं परदेशी गिऱ्हाइकाला विकली गेली की अनेकदा त्यांना ५० च्या पुढचे मार्क, म्हणजे आवृत्ती क्रमांक, मिळत. भारताचं हंटर म्हणून एफ. ५६ आहे, ब्रिटिशांचं एफ. ६. आपल्या नौदलाचं सी हॅरियर एफआरएस. ५१, तर ब्रिटिश नौदलाचं एफआरएस. १. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॅरियर पाहून आलात आणि घरी येऊन ब्रिटिश पुस्तकातला मार्क उतरवलात, तर विमान बरोबर आणि नाव चूक अशी गत होते.

सावध: दलाचं नावही तारखेला बांधलेलं आहे. मार्च १९४५ ते २६ जानेवारी १९५० या काळात आपलं हवाई दल "रॉयल इंडियन एअर फोर्स" होतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेली डाकोटा ही मालवाहू विमानं याच नावाच्या दलाची होती.

पायरी २: विमान खरंच तेच आहे का ते पाहा

आता डोळे वापरा. रंगावर आणि रंगवलेल्या क्रमांकावर विसंबू नका. २०१८ साली भारतीय हवाई दलाला भेट मिळालेलं "परशुराम" हे डाकोटा व्हीपी ९०५ हा क्रमांक मिरवतं. तो काश्मीर मोहिमेतल्या एका डाकोटाचा क्रमांक आहे, मानवंदना म्हणून दिलेला. ते मूळ विमान नव्हे. असा मान देणं योग्यच आहे, पण फोटोखाली "१९४७ साली श्रीनगरला उतरलेलं हेच ते विमान" असं लिहिणं चूक.

जवळून कसं पाहायचं हे दोन विमानांवर दाखवतो.

स्पिटफायरचा फोटो असेल तर आधी पंख्याची पाती मोजा. पाच पाती आणि इंजिनाच्या झाकणावर दोन लांबट उंचवटे दिसले, तर ते ग्रिफन इंजिनाचं, म्हणजे मार्क १४ किंवा त्याच्या जवळपासचं. चार पाती आणि सपाट नाक दिसलं, तर मर्लिन इंजिनाचं, म्हणजे मार्क ८, ९ किंवा १६. मग शेपटीकडे जा. उडताना मागचं छोटं चाक पोटात गेलेलं असेल तर मार्क ८ ची शक्यता मोठी, कारण मार्क ९ चं मागचं चाक बाहेरच राहतं. आणि ९ की १६? इथे बहुतेकदा थांबावं लागतं. १६ म्हणजे अमेरिकेत पॅकार्डने बांधलेलं मर्लिन बसवलेलं ९. दोन्ही बाहेरून हुबेहूब असू शकतात. तिथे क्रमांक वाचता आला तरच निकाल लागतो.

दुसरं, हवाई प्रात्यक्षिकांत उडणारं "मेसरश्मिट". नाकाच्या बाजूच्या धुराच्या नळ्या पाहा. जर्मन डाइमलर-बेंझ इंजिन उलटं बसवलेलं असे, त्यामुळे नळ्या नाकाच्या खालच्या भागात येतात. त्या वरच्या कडेला दिसल्या, तर तुमच्यासमोर स्पेनमध्ये बांधलेलं, रोल्स-रॉइस मर्लिन बसवलेलं एचए-१११२ बुचोन आहे. सांगाडा १०९ चा, इंजिन ब्रिटिश आणि नाव स्पॅनिश.

पडताळणी: या पायरीअखेर कार्डावर "काय दिसलं" आणि "त्यावरून काय ठरवलं" या दोन वेगळ्या ओळी असायला हव्यात. त्या एकत्र झाल्या असतील तर परत लिहा.

पायरी ३: त्या देशाचं नामव्याकरण लावा

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी होती आणि एकाची दुसऱ्याला लावली की चूक ठरलेलीच.

*अमेरिका.* १९६२ पर्यंत लष्कर, किंवा पुढे हवाई दल, आणि नौदल यांच्या पद्धती वेगळ्या होत्या. लष्कराची पद्धत सोपी: पी म्हणजे लढाऊ, बी म्हणजे बॉम्बफेकी, सी म्हणजे मालवाहू, मग रेघ आणि क्रमांक. १९४८ साली पी चं एफ झालं, म्हणून दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग पी-५१ आणि कोरियातलं एफ-५१. नौदल मात्र नावात कारखानाही गुंफत असे. एफ४एफ मधला पहिला एफ म्हणजे लढाऊ आणि शेवटचा एफ म्हणजे ग्रुमन कंपनी. एफ४यू मधला यू म्हणजे व्हॉट कंपनी. तेच कोर्सेर गुडइयरने बांधलं की एफजी-१ आणि ब्रूस्टरने बांधलं की एफ३ए. सप्टेंबर १९६२ मध्ये दोन्ही पद्धती एक झाल्या आणि नौदलाचं एफ४एच-१ हे फँटम एफ-४बी झालं.

सावध: एफ४एफ, एफ४यू, एफ-४ या तिघांत रेघ कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. एफ४एफ हे वाइल्डकॅट, एफ४यू हे कोर्सेर आणि एफ-४ हे फँटम. त्यातही दुसऱ्या महायुद्धात एफ-४ म्हणजे पी-३८ लाइटनिंगचं फोटो टिपणारं रूप होतं. पायरी १ मधली तारीख म्हणूनच आधी.

*ब्रिटन.* ब्रिटिश आधी शब्दाने नाव ठेवत, मग मार्क. १९४२ अखेरपर्यंत मार्क रोमन अंकांत. त्यानंतर विसाच्या पुढचे मार्क साध्या अंकांत आणि १९४८ पासून सगळेच साध्या अंकांत. म्हणून युद्धकाळातलं स्पिटफायर नऊ रोमन अंकात दिसतं आणि बाविसावं कधीच रोमनमध्ये दिसत नाही. अमेरिकन विमान ब्रिटिशांनी घेतलं की त्याचं नाव बदले. पी-४० चं उदाहरण घ्या. अमेरिकेत ते सरसकट वॉरहॉक. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या दलांत सुरुवातीच्या आवृत्त्या टॉमाहॉक आणि पी-४०डी पासून पुढच्या किटीहॉक. "किटीहॉक पी-४०बी" असं लिहिलंत तर दोन देशांची आणि दोन आवृत्त्यांची खिचडी झाली. मस्टँगचं उलट आहे. ते विमान मुळात ब्रिटिश मागणीवरून बनलं, त्यामुळे मस्टँग हे नाव ब्रिटिशांचं.

*जर्मनी.* आधी कारखान्याची दोन अक्षरं, मोकळी जागा, क्रमांक, मग आवृत्ती: बीएफ १०९ जी-६. रेघ कारखाना आणि क्रमांक यांच्यामध्ये येत नाही, ती आवृत्तीत येते. पहिल्या महायुद्धातलं लाल फोकर तीनपंखी डीआर. १ आहे. त्यातला शेवटचा रोमन एक अनेक जण इंग्रजी "आय" समजून "डीआर आय" लिहितात.

*जपान.* इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो. जपानी नौदल विमानाला जपानी शाही वर्षाच्या शेवटच्या आकड्याने ओळखत असे. १९४० म्हणजे शाही वर्ष २६००, म्हणून त्या वर्षी स्वीकारलेलं लढाऊ विमान "टाइप शून्य". झिरो हे नाव तिथून आलं. जपानी वैमानिक त्याला थोडक्यात रेइसेन म्हणत. त्याचा लघुसंकेत ए६एम: ए म्हणजे विमानवाहू जहाजावरचं लढाऊ, ६ म्हणजे त्या मालिकेतलं सहावं, एम म्हणजे मित्सुबिशी. मॉडेल २१ हे "एकवीस" नव्हे, "दोन-एक" असं वाचायचं, कारण पहिला आकडा सांगाड्याचा आणि दुसरा इंजिनाचा.

लष्कराची पद्धत वेगळी. त्यांच्या विमानांना की-क्रमांक असत. की-४३ म्हणजे हायाबुसा, आणि हे लष्कराचं विमान. आता फ्लाइंग टायगर्सच्या, म्हणजे चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांच्या, वाक्याकडे परत या. ते १९४१ च्या डिसेंबरपासून १९४२ च्या जुलैपर्यंत ब्रह्मदेश आणि चीनमध्ये लढले आणि त्यांच्यासमोर जपानी लष्कराची विमानं होती, की-२७ आणि की-४३. झिरो नौदलाचं. गोल नाकाचं, खालच्या पंखांचं, चपळ जपानी विमान दिसलं की वैमानिक झिरो म्हणून नोंदवत. त्या अहवालात "झिरो" लिहिलेलं असेल, तर अवतरण म्हणून तसंच ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र की-४३ लिहा, पुरावा असेल तरच.

*सोव्हिएत.* मिग-२१ च्या बाबतीत आपल्याकडे आवृत्तीबरोबर टाइप क्रमांकही चालतो: एफएल म्हणजे टाइप ७७, एम म्हणजे टाइप ९६, बिस म्हणजे टाइप ७५. नाशिकजवळ ओझरला या तिन्ही आवृत्त्या बांधल्या गेल्या, त्यामुळे तिथल्या निवृत्त कामगारांच्या तोंडी टाइपच येतो. फक्त टाइपच्या आकड्यावरून कालक्रम लावू नका. ७५ हे ७७ आणि ९६ या दोघांनंतरचं आहे.

पायरी ४: नावांची प्रतवारी करा

आता कार्डावर जमलेल्या प्रत्येक नावापुढे ते कुणी दिलं ते लिहा. शत्रूने किंवा समोरच्या गटाने दिलेली सांकेतिक नावं वेगळी काढा. दोस्त राष्ट्रांनी जपानी लढाऊ विमानांना पुरुषांची आणि बॉम्बफेक्यांना स्त्रियांची नावं दिली: झिरोला झीक, की-४३ ला ऑस्कर. झिरोच्या टोकं छाटलेल्या पंखांच्या मॉडेल ३२ ला आधी हॅप म्हटलं, पण अमेरिकन हवाई दलाच्या प्रमुख जनरल अर्नोल्ड यांचंच ते लाडकं नाव असल्याने नंतर हॅम्प केलं. मिग-२१ चं फिशबेड हे नाटोचं नाव आहे. भारतीय वैमानिकाबद्दल लिहिताना "तो फिशबेड उडवत होता" हे वाक्य कानाला खटकलं पाहिजे. आपल्याकडची नावं आहेतच: मिग-२७ बहादूर, मिग-२९ बाझ, जग्वार शमशेर.

जातिवाचक शब्दही बाजूला काढा. श्टुका हा जर्मन शब्दाचा संक्षेप आहे आणि त्याचा अर्थ सूर मारून बॉम्ब टाकणारं कुठलंही विमान. रूढीने तो युंकर्स ८७ ला चिकटला. श्टुर्मोविक म्हणजे जमिनीवर हल्ला करणारं विमान, इल्यूशिन-२ चं ते खास नाव नव्हे. दोन्ही शब्द वापरायला हरकत नाही, पण "त्याचं अधिकृत नाव" असं म्हणू नका.

पायरी ५: बीएफ की एमई? वाद कसा हाताळायचा

हा वाद इतक्यांदा होतो की त्याला वेगळी पायरी दिली आहे. विली मेसरश्मिट यांनी आखलेलं १०९ मे १९३५ मध्ये उडालं तेव्हा कंपनीचं नाव होतं बायरिशे फ्लुगत्सॉइगवेर्के, त्यावरून बीएफ. जुलै १९३८ मध्ये कंपनी मेसरश्मिट झाली. त्यानंतरच्या नव्या विमानांना एमई मिळालं, उदाहरणार्थ एमई २६२. १०८, १०९ आणि ११० या आधीच्यांचं अधिकृत बीएफ राहिलं.

म्हणजे एमई १०९ चूक? इथे घाई करू नका. जर्मन वैमानिक ते म्हणत, ब्रिटिश अहवालांत तेच आहे आणि युद्धकाळातल्या जर्मन कागदांतही ते सापडतं. म्हणून माझा नियम असा: लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात बीएफ, माणसाच्या तोंडी किंवा जुन्या कागदाच्या उताऱ्यात जे असेल ते. उताऱ्यातला एमई "दुरुस्त" करून बीएफ करणं ही एमई लिहिण्यापेक्षा मोठी चूक आहे, कारण त्यात पुरावाच बदलतो.

पडताळणी: कुणी तुमची चूक काढली तर आधी विचारा, "तुम्ही अधिकृत नावाबद्दल बोलताय की बोलीतल्या?" दोघांचं उत्तर वेगळं असेल तर भांडण नाहीच.

पायरी ६: देवनागरीत उतरवताना

या पायरीवर कुठलंही परदेशी पुस्तक मदत करत नाही. आपल्या लिपीत मोठं आणि छोटं अक्षर नाही, रोमन अंकाचा वेगळेपणा टिकत नाही आणि काही संक्षेप आपल्या शब्दांशी जाऊन भिडतात.

एमई हा संक्षेप उच्चाराप्रमाणे "मी १०९" असा लिहिला की वाचणारा आधी स्वतःकडे बोट दाखवतो. "असं म्हणतात की की-४३ आलं" यात डोळा अडखळतो. "हे १११" तर सरळ सर्वनाम झालं. उपाय साधा आहे. पहिल्या उल्लेखात कारखान्याचं पूर्ण नाव द्या: मेसरश्मिट बीएफ १०९, हाइंकेल १११, नाकाजिमा की-४३. पुढे संक्षेप चालतो, पण एकाच लेखात एकच रूप ठेवा. वाक्य असं बांधा की "की" शेजारी "की" येणार नाही.

ब्रिटिश मार्क सरळ "मार्क ९", "मार्क १४" असे लिहा. मूळ रोमन रूप तुमच्या कार्डावर आहेच.

उच्चारांत जी नेहमी चुकतात ती: ग्नॅट नव्हे, नॅट. डॅसॉल्ट नव्हे, दासॉ. फ्रेंच नौदल विमान आलिझे, "अलाइझ" नाही.

पायरी ७: पुरावा जिथे संपतो तिथे नाव थांबवा

सगळ्यात जास्त चुका अज्ञानाने होत नाहीत, जास्त नेमकं दिसण्याच्या हौसेने होतात. "स्पिटफायर" एवढंच सिद्ध होत असेल तर तेवढंच लिहा. आवृत्तीबद्दल अंदाज असेल तर "बहुधा" हा शब्द नावाच्या आत, आवृत्तीच्या लगेच आधी घाला, वाक्याच्या टोकाला नाही. तिथे तो कशाला लागू आहे हे कळत नाही.

आता एक कार्ड सुरुवातीपासून भरून पाहू. समजा घरातल्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो आहे. मागे निळ्या शाईत "स्पिट, जपान, १९४६" आणि खाली घरच्यांनी नंतर लिहिलेलं "भारतीय हवाई दलाचं स्पिटफायर मार्क ९". विमानापुढे चार जण उभे आहेत. तारीख १९४६, म्हणजे दलाचं नाव रॉयल इंडियन एअर फोर्स. जागा जपान, आणि त्या वर्षी तिथल्या राष्ट्रकुलाच्या ताबा सैन्यात या दलाची ४ नंबरची स्क्वॉड्रन स्पिटफायर मार्क १४ घेऊन गेली होती. पंख्याची पाती मोजली: चार माणसांच्या डोक्यांमागून पाच दिसतात. नाकावरचे उंचवटेही आहेत. मार्क ९ बाद. शेपटीवरचा क्रमांक उजवीकडच्या माणसाच्या खांद्याने झाकला आहे, दोनच आकडे वाचता येतात.

ओळ अशी होईल: "रॉयल इंडियन एअर फोर्सचं सुपरमरीन स्पिटफायर मार्क १४, जपान, १९४६." फोटोत स्क्वॉड्रनची खूण दिसत नसेल तर "बहुधा ४ स्क्वॉड्रन" हे वेगळ्या वाक्यात. मागची निळी शाई आणि घरच्यांची ओळ, दोन्ही खोडू नका. वाचता आलेले दोन आकडे कार्डावर पेन्सिलने लिहून ठेवा. त्याच विमानाचा दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो कुणाच्या तरी अल्बममध्ये असू शकतो.